जहाजावर न उगवलेला मंगळवार

धाकट्या भावानं शब्द दिला होता, "मंगळवारी सकाळी उठलो का पयला फोन मायले करतो." त्याची सकाळ म्हणजे आमची रात्र. आमच्या कोंढा गावच्या बोडीपलीकडे, म्हणजे लहानशा तळ्यापलीकडे, पाणी न पाहिलेला हा पोरगा मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून गेला होता. पहिलीच सफर, आणि जहाज अमेरिकेहून जपानकडे निघालेलं. इकडे आईचं ऑपरेशन बुधवारी सकाळी भंडाऱ्यात ठरलं. पोटात गाठ, त्यात बीपी. भूल देण्यात धोका आहे, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. बाबा नाहीत, त्यामुळे निर्णय माझ्याच गळ्यात.

आईची अट एकच. "त्याचा आवाज ऐकल्याबिगर मी आत जात नाई. तू उचलून नेलं तरी नाई."

मंगळवारची रात्र सरली आणि फोन काही आला नाही. मी लावून पाहिला तर लागत नव्हता. जहाजावरचं वायफाय त्यांना सुट्टीच्या वेळातच मिळतं, हे मला ठाऊक होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. पहाटे नर्स हिरवा गाऊन घेऊन आली, तर आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"समुद्रात काईतरी झालं त्याले. तू लपवून राहिली माह्यापासून."

"काही झालं नाही. नेटवर्क नसेल," मी खेकसले. खेकसायला नको होतं, पण भीती वाटली की मला आधी रागच येतो.

उजाडता उजाडता मोबाइल वाजला. त्याचा मेसेज होता. "ताई, माय कशी आहे? झालं का ऑपरेशन? कोनी काईच काहून सांगून नाई राहिले? वाईट असन तरी सांग."

माझं डोकंच फिरलं. अजून काही झालेलं नाही आणि हा वाईट असन म्हणतो! मेसेज पुन्हा वाचला, आणि मग त्याचं जहाज कुठून कुठे चाललंय ते आठवलं.

साकोलीच्या शाळेत मी भूगोल शिकवते. पूर्वी सूर्य डोक्यावर आला की त्या त्या गावाचे बारा वाजायचे. आगगाड्या आल्या आणि गावोगावच्या या वेगळ्या घड्याळांनी वेळापत्रकांचा पार विचका झाला. मग जगाचे उभे पट्टे पाडले, लंडनजवळची रेघ शून्य धरली, आणि पृथ्वीच्या पाठीमागे, पॅसिफिक महासागरात, वार बदलायची रेघ ठेवली. ती ओलांडून पश्चिमेकडे गेलं की एक अख्खा दिवस गळतो. हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. आपल्या सख्ख्या भावाचं जहाज त्याच रेघेकडे चाललंय, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

भाऊ सोमवारी रात्री झोपला आणि उठला तो थेट बुधवारी. आदल्या दिवसापर्यंत भारत त्याच्या पुढे होता. एका रात्रीत भारत मागे पडला, आणि हा आपला जुनाच हिशोब धरून बसला. त्याच्या लेखी आमच्याकडे बुधवारची रात्रही सरत आली होती, ऑपरेशन उरकलं होतं आणि घरचे तोंड उघडत नव्हते. आपली आई गेली असं धरून पोरगं सकाळपासून भांडी घासत होतं. मला त्याची इतकी दया आली की रागही टिकेना.

मी लगेच फोन लावला. या वेळी लागला. पलीकडून नुसते हुंदके. मोबाइल आईच्या कानाला लावला.

"रडून काहून राहिला रे बापा? मी आहो ना. अजून तं मले आत नेलंच नाई."

"माय, इथं तं बुधवारची दुपार झाली वं!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "खरंच दुपार झाली त्याच्याकडं?"

"हो," मी म्हटलं.

तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला. मग त्याला म्हणाली, "म्हंजे तुह्याकडं बुधवार अर्धा सरला, अन् मी तुह्यासंग बोलूनच राहिली. मंग होते सारं बरोबर. जा, जेवून घे." आणि तिनं स्वतःहून गाऊनसाठी हात पुढे केला.

हे साफ चूक होतं. क्षण सगळ्या जगात एकच असतो, वेगळे असतात ते घड्याळातले आकडे. त्याचा बुधवार कितीही सरला असला, तरी आईचं पुढे काय होणार हे तिथंही कुणाला ठाऊक नव्हतं. याच चुकीसाठी मी पोरांचे गुण कापते. त्या वेळी मात्र मी गाऊनची बाही तिच्या हातावर चढवली. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. डॉक्टर बाहेर येऊन "चांगलं झालं" म्हणेपर्यंत मी त्या बाकावर आईची ती चूकच घट्ट धरून बसले होते.