एकदाच विचारतात

लग्न होऊन मी पैठणहून संभाजीनगरला निघाले, तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभी राहून आई म्हणाली होती, "कुणी काय दिलं तर पहिल्यांदा नको म्हण. हावरट दिसू नको." माझी नात ऋतुजा जर्मनीला शिकायला निघाली, तेव्हा विमानतळाच्या दाराशी मी तिला तेच सांगितलं. रडले नाही. गुडघे दुखत होते, कधी घरी जाऊन बसते असं झालं होतं.

तिचं पहिलं वर्ष बरं गेलं. मग इंटर्नशिप शोधायची वेळ आली. म्हणजे कारखान्यात काही महिने शिकाऊ म्हणून काम करायचं. त्याशिवाय पदवी नाही. परदेशी पोरीला कोण लगेच घेतंय? अर्जांना उत्तरंच येईनात. अखेर पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यानं बोलावलं. मी फोनवर सगळं विचारून घेतलं. पंप केवढा असतो, मशिनवर बाया असतात का, डबा कुठं बसून खातात. मला त्या कारखान्याचं लई नवल.

मुलाखत चांगली झाली. शेवटी तिथल्या बाईनं विचारलं, "खाली जाऊन एक पंप खोलून बघायचाय का?" आमची पोर म्हणाली, "नको, तुम्हाला कशाला त्रास." आणि परत विचारतील म्हणून बसून राहिली. बाईनं हात मिळवला आणि दार उघडलं. मग नकार आला. हातानं काम करायची आवड दिसली नाही म्हणे. शाळेत असताना घरची मोटर खोलून आम्हाला पाण्यावाचून ठेवणारी पोर ही!

"परत विचारलंच नाय?"

"नाय ना आजी. इकडं एकदाच विचारतात."

"कसली माणसं गं! मग सांग की त्यांना."

"काय सांगू? आजीनं शिकवलं म्हणून?"

"व्हय, तसंच सांग. माझं काय जातंय?"

तिनं खरंच तसं लिहिलं. बाईला हसू आलं असावं, कारण तिनं पुन्हा बोलावलं. या खेपेला ऋतुजानं विचारायच्या आधीच बाह्या वर केल्या. काम मिळालं. पंपाच्या पोटात काय काय असतं ते मी फोनवर पाहिलं. निम्मं कळलं.

पैठणला गेले की भाचेसून मला चहाचं चार चारदा विचारते. तिथल्यांनो, रागावू नका, पण तेव्हाच कळतं की मी आता तुमच्याकडं पाहुणी आहे. इथं माझ्या घरी मला कोण विचारतंय? माझा चहा मीच ठेवते.

परवा ऋतुजा सुट्टीवर आली. जेवताना मी म्हणाले, "अजून भाकरी वाढू का?"

"नको."

तिकडं राहते, नको म्हणजे नकोच असेल, म्हणून मी टोपलं बाजूला सारलं. ती टोपल्याकडं बघत राहिली.

"आजी, परत विचार ना."

"तुला कशाला विचारायचं?" म्हणाले, आणि ताटात भाकरी टाकली.