बोळ्याने दूध पिणारी

कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो तेव्हा माझं एक वाक्य ठरलेलं असे. गाडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि तळाला ओला, किडका, पिवळा पडलेला, असा प्रकार सापडला की मी हात कोपरापर्यंत आत घालायचो, तळाची मूठ वर काढायचो आणि गाडीवाल्याला म्हणायचो, "मी काही बोळ्याने दूध पीत नाही." रांगेतले बाकीचे शेतकरी हसायचे. तो बिचारा मान खाली घालायचा. मला त्या हसण्याची चटक लागली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुलगावात एक खोली भाड्याने घेऊन आम्ही नवरा-बायको राहत होतो. माझं वय सव्वीस आणि तोरा छप्पन्नचा. ग्रेडरचं काम बाहेरून सोपं दिसतं. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं, वाळल्या पानांचा चुरा, म्हणजे पत्ती, किती आहे ते बघायचं आणि पहिली प्रत की दुसरी ते पावतीवर लिहायचं. पण त्या एका शब्दावर माणसाचं वर्ष ठरायचं, म्हणून रांगेतला प्रत्येक जण माझ्या अंगठ्यांकडे बघत उभा असे. अशा नजरा रोज मिळाल्या की माणूस स्वतःला जरा जास्तच शहाणा समजायला लागतो.

बायको पहिलटकरीण. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे माहेरी गेली. माहेर नाचणगावचं, सायकलने वीस मिनिटं. मी एक दिवसाआड संध्याकाळी जायचो. सासूबाई चहा द्यायच्या, सासरे बाजेवर बसून पिकापाण्याचं बोलायचे, बायको दाराआडून बघायची आणि आमचं दोघांचं बोलणं राहूनच जायचं. तरी त्या जाण्यात मजा होती.

मग एक दिवस सासऱ्यांची गाडी माझ्या रांगेत आली. नातं सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सगळे एकदम गप्प झाले. मी हात घातला. कापूस चांगला होता, धागाही लांब निघाला. पण वेचणीच्या घाईत पत्ती राहून गेली होती. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर कदाचित डोळेझाक केली असती. सासऱ्यांची होती म्हणून केली नाही. जावयाने आपल्या माणसाचं भलं केलं असं कुणी म्हणायला नको होतं; आणि खरं सांगायचं तर मी किती कडक आहे ते चार लोकांना दिसावं, असंही मनात होतंच. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "पत्ती आहे. दुसरी प्रत."

एरवी मला जवाईबापू म्हणणाऱ्या सासऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बरं, सायेब." मग बैल हाकत वजनकाट्याकडे निघून गेले.

तो ‘सायेब’ मला लागला. चूक तर माझी नव्हती, मग मी कशाला कमीपणा घेऊ, असं म्हणत मी नाचणगावला जाणंच सोडलं. एक आठवडा गेला, दोन गेले, तिसरा गेला. बायकोने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप पाठवले. मी उलट निरोप धाडला की हंगाम आहे, काम फार आहे. काम होतं, पण वीस मिनिटं सायकल मारता येणार नाही इतकं नव्हतं. रुसायचा मान खरं म्हणजे पहिलटकरणीचा, तो मी घेऊन बसलो होतो.

पौषातली थंडी होती. सकाळी नऊच्या सुमारास नाचणगावचा एक गाडीवाला रांग सोडून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, तुमच्या मंडळीले पहाटी दवाखान्यात नेलं. लेकरू झालं म्हनतात." मी महिने मोजले. आठवा चालू होता. आमच्याकडे समजूत अशी की सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही. एरवी मी अशा गोष्टींना हसणारा माणूस. पण त्या दिवशी पावत्या तिथेच टाकून मी सायकल दामटली.

पुलगावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर सासरे बसले होते. मला बघून उठले आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं. आत बायको खाटेवर, ओठ सुकलेले, चेहरा एवढासा झालेला. मी जवळ गेलो. तीन आठवड्यांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं, "पहिले हात धुऊन या. कापसाची धूळ हाये." मी निमूटपणे नळावर जाऊन हात धुऊन आलो.

शेजारी स्टुलावर एक लाकडी पेटी होती. तिच्यात कडेने गरम पाण्याच्या बाटल्या लावलेल्या आणि मध्ये मुलगी. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढी. चेहऱ्यावर सुरकुत्या, बोटं काडीसारखी, आणि कान मात्र थेट माझे, बाहेर आलेले. बाप झाल्यावर आनंद होतो असं मी ऐकून होतो. मला आधी भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग इतकी माया दाटून आली की मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. ही जगली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की मूल अशक्त आहे, बाकी सगळं नीट आहे. या थंडीत वर्ध्याला न्यायचं तर वाटेतलाच धोका जास्त. अंगची ऊब जाऊ द्यायची नाही आणि पोटात दूध जात राहिलं पाहिजे. आज तिच्यात ओढायची ताकद नाही. ज्या दिवशी स्वतःहून आईच्या अंगावर प्यायला लागेल, त्या दिवशी काळजी मिटली समजा. किती दिवस लागतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग सिस्टर आल्या. बोरगाव मेघेकडच्या होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. दवाखान्यातल्या औषधी कापसाची एक गुंडाळी त्यांच्यापाशी होती, ती त्यांनी दूध पाजायच्या बोळ्यासाठी राखून ठेवली. अंगाभोवती लपेटायला स्वच्छ कापूस लागेल, पुष्कळ लागेल, ओला झाला की बदलावा लागेल, तो तुम्ही आणा, असं त्या मला म्हणाल्या. मला हायसं वाटलं. कापूस! या तालुक्यात माझ्याइतका कापूस कुणाला कळत होता?

मी थेट जिनात गेलो. तिथे यंत्रावर सरकी वेगळी करून रुई काढतात. ओळखीच्या मुकादमाला म्हणालो, सगळ्यात चांगली दाखव. ढीग उपसून, अंगठ्यांत ओढून ओढून, हंगामातली सगळ्यात लांब धाग्याची रुई मी निवडली आणि पोतंभर घेऊन तासाभरात परत आलो. सिस्टरनी मूठभर घेतली, खिडकीशी नेली आणि उजेडात धरून फाकवली.

"हे काळं काळं काय हाये?"

मी समजावून सांगितलं की ते सरकीच्या टरफलाचे कण आहेत, यंत्रातून काढलं की थोडे राहतातच, तेवढे चालतात.

"कुठं चालतात?"

"गिरणीत."

"इच्या नाकात नाई चालत," त्या म्हणाल्या आणि मूठ माझ्या पोत्यात परत टाकून पेटीकडे वळल्या.

मी पोतं घेऊन व्हरांड्यात आलो. सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं. दुपट्टा खांद्यावर टाकला आणि निघून गेले. कंटाळले असतील, मला वाटलं, आणि त्यांचं काय चुकलं? मी तिथेच फरशीवर बसलो आणि त्या रुईतले काळे कण एकेक करून नखाने काढायला लागलो. दुपारभर काढत होतो. ओंजळभर निवडून झालं. पोतं होतं तेवढंच दिसत होतं. आत बायकोचं एक जुनं लुगडं घड्या करून मुलीवर घातलं होतं आणि सिस्टर सारख्या तिच्या पायांना हात लावून बघत होत्या.

दिवेलागणीच्या आधी सासरे परत आले. बरोबर सासूबाई. सासऱ्यांच्या हातात धुतलेल्या धोतरात बांधलेलं गाठोडं होतं. त्यांच्या आवारात देवकापसाचं झाड होतं. त्याचा कापूस सासूबाई देवाच्या वातींसाठी वर्षभर मडक्यात साठवून ठेवत. ते सगळं मडकं त्यांनी उलटं केलं होतं आणि शेजारच्या तीन बायकांना घेऊन दुपारभर बसून हाताने सरकी काढली होती. सासऱ्यांनी गाठोडं माझ्यासमोर ठेवून गाठ सोडली.

"पाहा सायेब," ते म्हणाले, "पत्ती हाये का यात?"

टोमणा असता तर मी सहन केला असता. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते, माझ्या कामावर विश्वास ठेवून. मी हात घातला. इतका मऊ कापूस मी कुठल्याच गाडीत पाहिला नव्हता. मी बघत होतो, पण डोळे भरून आल्यामुळे मला काही दिसत नव्हतं.

"नाही मामाजी," मी म्हणालो.

"मंग कोनता माल?"

"पहिली प्रत."

"मंग त्यात गुंडाळलेलं लेकरू दुसऱ्या नंबरचं कसं राहीन?" ते म्हणाले. "जा, देऊन या."

सिस्टरनी उजेडात धरून पाहिलं आणि मुलीला त्यात लपेटलं. फक्त तोंड आणि ते कान बाहेर राहिले. पिकलेलं बोंड फुटावं तशी ती त्या पेटीत दिसत होती. सासूबाई कडेला हात जोडून उभ्या होत्या. मी त्यांना म्हणालो की आता देवाच्या वातींचं काय? त्या म्हणाल्या, जुनं धोतर फाडून करू, देवाले चालते.

त्यानंतरचे दिवस बोळ्याचे. बायको वाटीत दूध काढून द्यायची. सिस्टरनी मला शिकवलं की कापसाचा बोळा दुधात भिजवायचा, मुलीच्या ओठाला लावायचा, एक थेंब पिळायचा आणि तिने गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून समजायचं, मगच दुसरा. सकाळी केंद्रावर जायच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी असं मी पाजायचो. कापूस ओढून तोडायला सवकलेले माझे अंगठे एवढ्या हळू चालतात हे मलाच माहीत नव्हतं. एकदा थेंब नाकात गेला आणि ती निळसर पडली. सिस्टरनी पालथी धरून पाठ चोळली तेव्हा रडली. त्या दुपारी मी केंद्रावर परत गेलोच नाही, पेटीशेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी रांगेत एक गाडी आली, वर कोरडा आणि खाली ओला. मी तळाची मूठ वर काढली. सगळे माझ्या वाक्याची वाट बघत होते, दोघेतिघे आधीच हसायला लागले होते. ते वाक्य ओठापर्यंत आलं आणि माझ्याच्याने म्हणवलं नाही. मी म्हणालो, "खालचा ओला आहे दादा, वाळवून आणा." पुढे नोकरी संपेपर्यंत मी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही.

बाराव्या का तेराव्या दिवशी, मला नक्की आठवत नाही, दुपारची वेळ होती. मी बोळा लावला, थेंब पिळला आणि पुन्हा भिजवायला काढायला गेलो तर तो निघेना. तिने हिरड्यांत पकडून ठेवला होता. मी जरा ओढला. तिने उलट ओढला.

"सोडून नाई राह्यली," मी बायकोला म्हणालो. सिस्टर आल्या, त्यांनी बोळा हळूच सोडवला आणि मुलीला बायकोच्या कुशीत दिलं. थोडा वेळ नुसतं चाचपणं चाललं होतं. मग बायको एकदम ताठ झाली आणि माझ्याकडे बघून हसता हसता रडायला लागली. माझंही तेच झालं.

व्हरांड्यात सासरे त्यांच्या नेहमीच्या बाकावर होते. मी बाहेर आलो. सासुरवाडीत मी कायम पुस्तकी बोलायचो, आब राखून. त्या दिवशी तोंडातून घरचंच निघालं, "मामाजी, पोरगी ओढून राह्यली." त्यांनी डोळे मिटले. मग सरकून बाकावर जागा केली आणि म्हणाले, "बसा जवाईबापू." मी बसलो.

पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला. एक दिवस सासऱ्यांची गाडी पुन्हा माझ्या रांगेत आली. कापसाच्या ढिगावर, सासूबाईंच्या मांडीत, माझी मुलगी बसली होती. गालांचे गोळे झालेले, कान तसेच. रांग पुन्हा गप्प झाली. मी हात घातला, अंगठ्यांत धागा ओढला, उजेडात धरून पाहिला. मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"पत्ती आहे मामाजी," मी या वेळी हळू आवाजात म्हणालो.

"राहीन न," ते म्हणाले. "चांगला कापूस तं मागच्या सालीच तुमच्या घरी गेला."

मी पावतीवर दुसरी प्रत लिहिली आणि मुलीला गाडीवरून उतरवून कडेवर घेतलं. तिच्या केसांत कापसाचा एक पुंजका अडकला होता. तो मी काढला, आणि सवयीने अंगठ्यांत धरून ओढून पाहिला.