नदीपासून कब्रस्तानापर्यंत

आठवीत भूगोलाच्या पेपरात अमेरिकेतल्या नद्या विचारल्या होत्या. मी कोऱ्या कागदावर फक्त स्वतःचं नाव लिहून बाहेर पडलो आणि पुढं शाळेतूनच बाहेर पडलो. अमेरिकेशी माझी पुन्हा गाठ पडेल आणि तीही ओमानमध्ये, रुसैलच्या एका तापलेल्या शेडमध्ये, असं आमच्या मास्तरांनाही वाटलं नसेल.

आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते. अर्बाबनी, म्हणजे आमच्या ओमानी मालकांनी, अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातल्या बंद पडलेल्या कारखान्याचं अख्खं मशीन विकत घेतलं. कंटेनरमधून त्याचे तुकडे आले आणि मागोमाग ते जोडायला एक म्हातारा आला. त्यानं जन्मभर तेच मशीन चालवलं होतं. सेकंडहँड मशीनवर म्हातारा फुकट, असा तो सौदा दिसत होता.

मला हेल्परचा ऑपरेटर करायचं ठरलं. गुण एकच, मी स्वस्त होतो. मॅनेजरसाहेबांनी प्रेमानं समजावलं, "अर्बाबसमोर चाचणी होईल. चालवून दाखवलंस तर ऑपरेटर. नाही जमलं तर बाहेरून तयार माणूस आणू, मग तुझा व्हिसा खलास." माझ्या भविष्याचा इतका स्पष्ट विचार घरच्यांनीही कधी केला नव्हता. मी आभार मानले.

म्हाताऱ्याचं इंग्रजी मला कळेना. आमचे सुपरवायझर रत्नागिरीकडचे, त्यांना सगळे भाई म्हणत. तेच दुभाषी झाले. पहिल्या दिवशी म्हातारा मशीनकडे बोटं दाखवत लांबलचक बोलला. भाईंनी डोकं खाजवलं.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, कागद नदीतून निघतो, चर्चमध्ये तापतो, पूल ओलांडतो, मेन रोडनं कोर्टात जातो. तिथं कापला जातो. वाया गेला तो कब्रस्तानात."

"भाई, ह्यांना ऊन लागलं काय?"

"ऊन तुला लागलंय, आठवी नापास. तिथल्या कामगारांनी आपल्या गावातल्या जागांची नावं ठेवलीयेत मशीनला."

मग माझी शाळा पुन्हा सुरू झाली. कागदाची रिळं लावतात ती नदी, कारण त्या गावात सगळं नदीनंच आणलं. आधी लाकडं, मग कागदाची गिरणी, मग माणसं. वाफेचे रोलर म्हणजे चर्च, तिथं उभं राहिलं की केलेली पापं आठवतात. कागद घड्या घालत जिथं साचतो तो पूल, त्याच्या पुढं खळ लागते. मग वाळवणाऱ्या तापल्या पट्ट्या, तो मेन रोड. तो म्हणे आधी नदीकाठी होता, पुरानं बाजार धुऊन नेल्यावर टेकडीवर चढवला. मग रेल्वे आली. मग रेल्वे तिथं थांबेनाशी झाली. मग कारखानाही थांबला. संपला इतिहास, आणि परीक्षेत सन पाठ करायला नको.

"आमच्या राजापुरासारखंच की," मी म्हणालो. "नदी, पूल, बाजारात पाणी."

म्हातारा खूश झाला. विचारतो कसा, तिथला कारखाना कधी बंद पडला?

"सांगा त्यांना, आमच्याकडं बंद पडायची भानगडच नाही. सुरूच कुठं झालाय?"

एकदा चहा पिताना त्यानं सांगितलं, मशीनच्या पायाचे बोल्ट त्यानंच काढले. कुठला गंजलाय ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कंपनीनं शेवटच्या कामाला मुद्दाम त्यालाच बोलावलं. एवढा मान कुणाला मिळतो!

चाचणीला अर्बाब आले. मॅनेजरसाहेब फाइल उघडून उभे राहिले, तिच्यात मशीनचे भाग नंबरानं लिहिले होते. मी बटण दाबलं. थोडा वेळ सगळं छान चाललं आणि मग पुलावर कागदाचा डोंगर व्हायला लागला. फाइलमधला नंबर मला त्या क्षणी बापाच्या नावानं विचारला असता तरी आठवला नसता.

"पुल पे पानी आया!" मी ओरडलो. "चर्च धीरे करो! मेन रोड खींचो, यल्ला!"

सगळे हेल्पर आपापल्या जागी धावले. मॅनेजरसाहेब पानं उलटत राहिले.

"चर्च किधर है?" अर्बाबनी भाईंना विचारलं.

"अमेरिका में, अर्बाब. अपने पास सिर्फ मशीन आया."

डोंगर उतरला. कोर्टातून सरळ कापलेले पुठ्ठे बाहेर यायला लागले. "तमाम," अर्बाब म्हणाले, म्हणजे त्यांच्या भाषेत झकास. मॅनेजरसाहेबांनी लगेच माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मला तेच अमेरिकेतून पॅक करून घेऊन आले होते.

जायच्या दिवशी म्हातारा नदीपासून कब्रस्तानापर्यंत एकदा चालत गेला. भाईंना म्हणाला, "ह्याला सांग, माझ्या गावातसुद्धा आता एवढं सगळं शाबूत नाही." मला खूप बोलायचं होतं. तोंडातून पुन्हा पुन्हा "थँक्यू सर" तेवढंच निघालं. मला काम मिळालं होतं आणि तो घरी बसायला निघाला होता. ह्याला इंग्रजीत काय म्हणतात ते भाईंनाही विचारलं नाही.

माझा व्हिसा वाढला. घरी बायकोनं पेढे वाटले. देवाची कृपा, अर्बाबची कृपा, त्या बुडालेल्या गावाची तर फारच कृपा. पण एवढं मोठं मशीन तिथून उठून इथं येऊ शकतं, तर इथून उठायला त्याला कितीसा वेळ? म्हणून रोज सकाळी बटण दाबायच्या आधी मी खाली वाकून पायाचे बोल्ट बघतो. मॅनेजरसाहेबांना वाटतं, माणूस फार काळजीनं काम करतो.