धूर नसलेली घरं

न्यूझीलंडला निघाले त्या सकाळी घराची किल्ली शेजारच्या शेवंताला दिली आणि सांगितलं, रोज चूल पेटव, घरभर धूर होऊ दे. कोकणात घर बंद ठेवायचं तर एवढं करावंच लागतं. धूर थांबला की वाशांना भुंगा लागतो. ते वासे मी आणि नवऱ्यानं रानातून डोक्यावरून आणले होते. तीन महिन्यांत परत यायचं होतं.

मुलगा सुहास तिथे अप्पर हट नावाच्या शहरात राहतो. डोंगर हिरवेगार, रस्ते धुतल्यासारखे, माणूस मात्र दिसत नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत (वाण्याच्या दुकानाला तिथे डेअरी म्हणतात) दूध आणायला गेले, तर दुकानदार 'किआ ओरा' म्हणाला. हा तिथला राम राम. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच. मुलगा-सून कामावर. नात इरा, तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. भाकरी जरा करपली की छताला लावलेली धुराची घंटा कोकलायची. शेवटी सुनेनं तवा उचलून वर ठेवला.

तीन महिन्यांचं वर्ष झालं. तिकिटाचं विचारलं की सुहास म्हणायचा, "बघू ना, आई." मला न विचारता त्यानं व्हिसा वाढवून घेतला होता.

एका रविवारी तो मला आणि इराला तिथल्या सार्वजनिक हॉलमध्ये चित्रं दाखवायला घेऊन गेला. तिथेच बसलेल्या एका म्हाताऱ्या जपानी बाईंनी काढलेली, सगळी त्यांच्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या घरांची. गवताची जाड, उतरती छपरं, भिंतीला लाकडांची रास. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडायचं, तेजाबात बुडवायचं, शाई भरून कागदावर दाबायचं, असं ते काम. पत्रा आमच्या हंड्यासारखाच लाल.

मी सगळी चित्रं नीट पाहिली आणि इराला म्हटलं, विचार, एकाही घरावर धूर कसा नाही?

इरानं बाईंना विचारलं. मग त्यांनी जे सांगितलं ते सुहासनं मला मराठीत सांगितलं. त्यांच्या माहेरी मधल्या खोलीत शेगडी असायची, तिच्या धुरानंच छप्पर टिकायचं. आई गेली, भाऊ शहरात गेला, शेगडी विझली. छप्पर कुजून बसलं. चित्रं काढायला त्या गेल्या तेव्हा गावात कुठेच शेगडी पेटत नव्हती.

मी म्हटलं, "त्यांना सांग, माझ्या घरात रोज चूल पेटते. मी माणूस लावून आलेय."

सुहास पुढच्या चित्राकडे वळला.

"सांग की."

"आई, शेवंतावहिनींना मी गणपतीच्या आधीच नको म्हणून सांगितलं."

"का?"

"तू आता इथेच राहणार असं धरलं होतं. तिथे एकटी काय करणार तू?"

"इथे काय करते?"

बाईंना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली. निघताना सुहासनं त्यातलं एक चित्र विकत घेतलं आणि दिवाणखान्यात लावलं. दुसऱ्याचं पडलेलं घर भिंतीवर छान दिसतं. मी त्या दिवसापासून तिकीट हातात पडेपर्यंत जेवणाच्या टेबलावर बसले नाही.

वैशाखात परतले. एसटीतून उतरले, शेवंताकडून किल्ली घेतली, दार उघडलं. कुबट वास आला. जमिनीवर, भांड्यांवर, नवऱ्याच्या फोटोवर पिवळट पीठ पडलं होतं, वाशांतून गळलेलं. एका वाशाला बोटानं दाबलं, बोट आत गेलं.

शेवंता दारातच उभी राहिली. म्हणाली, "काकी, तुमचाच मुलगा ना? मी कोणाचं ऐकायचं?"

तिचं चुकलं नाही. मी चूल पेटवली. धूर भरपूर झाला, डोळे चुरचुरले, चार भुंगे खाली पडले. पोखरलेला वासा काही धुरानं भरत नाही.

सुतार बघून गेला. पावसाआधी सगळे वासे बदलायला लागतील म्हणाला. बदलीन. सुहासचा फोन आला होता, पुढच्या वर्षी ये म्हणाला. मी म्हटलं, चुलीपाशी आहे, नंतर बोलू. किल्ली आता माझ्या कमरेला आहे.