एका शिट्टीत सगळे कैलासवासी

माझे मार्गदर्शक सर चांगले धडधाकट होते, रोज सकाळी वैनगंगेच्या पुलापर्यंत चालून येत होते, आणि मी त्यांना कैलासवासी करून टाकलं. तेही एकदा नाही. त्यांचे तीन लेख माझ्या प्रबंधात होते, म्हणून तीनदा.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेतून निवृत्त झाले आणि मला पीएच.डी.ची हुक्की आली. विषय घेतला गावतळी आणि धानशेतीतले शब्द. म्हणजे लहानपणी आमच्या एकोडी गावात बांधावर बसून जे फुकट ऐकलं, तेच आता तळटीपा लावून लिहायचं. तेव्हाची मी आज दारात आली तर मी तिला बसायला पाटही देणार नाही, इतकी शहाणी होती ती बाई.

संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर सुनेनं माझ्या लॅपटॉपवर टाकून दिलं होतं. सून भंडाऱ्यातच एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला, विद्यार्थ्यांना रोज हेच शिकवणारी. ती म्हणाली, "आई, दहा मिनिटं बसा माह्याजवळ."

"पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं म्या," मी म्हटलं. "नाव अन् पुस्तकच त लिहाचं आहे."

तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. नवी सून होती, काय बोलणार?

मी सगळे संदर्भ आधी एका तक्त्यात भरले. आमच्याकडे मोठ्या माणसाचं नुसतं नाव घेणं म्हणजे त्याच्या अंगावर धावून जाणं. एकोडीत चहाच्या टपरीवाल्यालाही जी लागतो, मग विद्वानांना कसं सोडायचं? म्हणून प्रत्येक नावाच्या मागे जी, आणि पुढे श्री., सौ., डॉ., जसा मान असेल तसा. जे वारले त्यांना कै. वरचे दहा जण गेलेले होते. दहा वेळा कोण लिहितो? पहिल्या घरात कै. लिहिलं, घराचा कोपरा माऊसनं पकडला आणि खाली ओढला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी मान वळवली, हात ओढतच राहिला. सव्वादोनशे माणसं एका शिट्टीत गेली.

तो तक्ता मी सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि तिथूनच प्रबंधात संदर्भ जोडले. त्या बिचाऱ्याला मानपान कुठला ठाऊक? त्यानं नावातला शेवटचा शब्द आडनाव धरला. सगळे लेखक जी घराण्यातले झाले. प्रबंधात जिथं जिथं संदर्भ होता तिथं तिथं कंसात जी, जी, जी. मी यादी काढली, न वाचता सरांना पाठवली आणि पंखा लावून आडवी झाले.

दुपारी सरांचा फोन आला.

"बाई, यादी पाहिली. चांगली लांब आहे. मी कधी वारलो?"

मी उठून लॅपटॉप उघडला.

"अन् हे जी कोण? तळ्यावर त्यांनीच लिहिलं, धानावरही त्यांनीच लिहिलं. मोठा माणूस दिसतो. कधी भेट झाली नाही."

मग त्यांचा आवाज जरा उतरला. "उद्या माझा शेवटचा दिवस आहे, ध्यानात आहे ना? चार वाजेपर्यंत नीट करून आणा."

ध्यानात कसं नसेल? सर निवृत्त झाले की त्यांची सही चालणार नव्हती. मग नवा मार्गदर्शक, नवा अर्ज, नवी मंजुरी. माझी चार वर्षं लोंबकळणार होती.

इथं कोणीही सुनेला फोन केला असता. त्या शहाण्या बाईनं नाही केला. तिनं तक्ता दुरुस्त केला, सगळे कै. आणि जी काढले आणि तक्ता पुन्हा आयात केला. आता प्रत्येक माणूस दोनदा दिसायला लागला, एकदा हयात आणि एकदा गेलेला. जे खरोखरच गेले होते तेही उठून बसले. सर सहा ठिकाणी होते, निम्मे जिवंत.

मी जुन्या नोंदी पुसायला घेतल्या, तेवढ्यात सून घरी आली. खांद्यावरची पर्स तशीच, ती पडद्याकडे बघत उभी राहिली.

"आई, थांबा. पुसू नोका. प्रबंधातले संदर्भ या जुन्या नोंदींनाच बांधले आहेत. ह्या गेल्या त ते सारे अनाथ होतीन."

"मंग काय करू वं?"

"जुनी अन् नवी नोंद एकात एक करायची. जुनी ठेवायची, नाव नवीचं घ्यायचं." मग ओढणी तोंडाला लावत म्हणाली, "पण तुमी साऱ्याइले कै. काहून लावलं?"

"मेलेल्या माणसाचं नाव काय उघडंबोडकं लिहू?"

"अन् जे मेले नाही ते?"

मी कुकरचं सांगितलं. ती पलंगावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लग्न होऊन सहा महिने झाले होते. माझ्यासमोर असं हसणं पहिल्यांदाच. मग मलाही हसू आवरेना.

आधी तिनं पाच नोंदींवर करून पाहिलं. आडनावाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा. दोन नोंदींची एक केली, प्रबंधाची फाईल उघडून संदर्भ ताजे केले, आणि पाच ठिकाणचा जी जाऊन खरी आडनावं आली. मग आम्ही जोडीजोडीनं लावत सुटलो. मी नाव वाचायचे, ती बटण दाबायची आणि मधूनच थट्टेनं विचारायची. "हे गेले का, आई?" "गेले." "अन् हे?" "कालच बाजारात दिसले." दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली. दुपारी दोनला शेवटची जोडी एक झाली. ती सरांचीच होती.

बसस्टँडजवळ छपाई करून, ऑटोत गठ्ठा मांडीवर धरून मी पोचले तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. सरांच्या टेबलावर निरोपाचे हार पडले होते. त्यांनी आधी यादी उघडली, आपलं नाव शोधलं, त्याच्या अलीकडं-पलीकडं बोट फिरवून काही चिकटलेलं नाही ना ते पाहिलं. मग सही केली, कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "जा बाई, लवकर जमा करा. पोच मिळेपर्यंत मले जिवंत ठेवजा."