वंदना उतेकरची यादी

वंदना उतेकर यादी खालून वर वाचायची. ही सवय मला पहिल्या दिवसापासून खटकली.

आम्ही दोघी एका विमा कंपनीचा मेनफ्रेम सांभाळायचो. कंपनीच्या सगळ्या पॉलिसी आणि दावे ज्या एका मोठ्या संगणकावर चालतात, तो. यंत्र मुंबईत, आम्ही महाडला, औषधाच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत. करोनात गावाकडून काम करायची परवानगी मिळाली, ती पुढेही टिकली. मला या कामात अकरा वर्षं झाली होती, वंदनाला तीन. ती पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटालगतच्या वाडीतून एसटीने यायची.

दर तीन महिन्यांनी यंत्र बनवणाऱ्यांकडून त्यातल्या प्रोग्रामच्या दुरुस्त्यांची यादी येई. दोनशेच्या आसपास. त्या घालायला यंत्र थांबवावं लागतं आणि त्यासाठी कंपनी रविवार सकाळचे चार तास देई. त्यात चाळीस बसत. कोणत्या चाळीस आणि त्यांतली आधी कोणती, हे ठरवणं हेच आमचं खरं काम. बनवणारे गंभीर दुरुस्त्या वर लिहितात. मी वरून उतरत जायचे.

"ताई, वरच्यांची काळजी करायला सगळी दुनिया हाय," वंदना म्हणाली. "तळाला कोण पडलंय ते बघू."

पहिल्याच खेपेला तिने एकशे नव्वदावी दुरुस्ती पहिली घेतली. पत्रं छापणाऱ्या प्रोग्रामची होती. ग्राहकाचं नाव फार लांब असलं की पत्र छापलंच जात नसे. आमच्या साहेबांनी मुंबईहून फोनवर कारण विचारलं.

"साहेब, बाकीच्यांना मोबाइलवर दिसतं. मृत्यूच्या दाव्याचं पत्र नुसतं कागदावर जातं. ते अडकलं तर मागं राहिलेल्या बाईला दुसरी वाट नाय."

तिचे वडील मैलकुली होते, घाटरस्त्याची डागडुजी करणाऱ्या सरकारी टोळीत. पावसात चार ठिकाणी दरड आली की ते सर्वांत मोठ्या ढिगाऱ्याकडे आधी जात नसत. ज्याच्या पलीकडच्या वाडीला उतरायला दुसरा रस्ता नाही, तिथे पहिलं फावडं. वंदनाने साहेबांना हेही सांगितलं. साहेब हसले. पुढच्या तिमाहीपासून ते माझी यादी "बघून ठेवतो" म्हणू लागले आणि तिची मागवू लागले.

मला हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द नाही. चूक सापडावी म्हणून मी तिची प्रत्येक यादी दोनदा तपासायचे. सापडायची नाही. तिला ते कळत होतं. "तपासा ताई, तपासा. फुकटात तपासनीस मिळालाय मला," असं म्हणून ती डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायची. भाकरी चांगली असायची. त्याचाही मला राग यायचा.

गेल्या वर्षी गटप्रमुखाची जागा निघाली. ती आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार होती. येत्या रविवारचं काम पाहून ठरवतो, असं साहेबांनी सांगितलं. यादी वंदनाची होती.

कधीकधी आलेली दुरुस्तीच बिघडलेली निघते. मग बनवणारे सूचना टाकतात, ही घालू नका म्हणून. शुक्रवारी तशी सूचना आली, वंदनाच्या यादीतल्या तिसऱ्या दुरुस्तीबद्दल. त्या दिवशी घाट बंद होता आणि तिच्या वाडीत रेंज नव्हती. मी सूचना उघडली, वाचली आणि बंद केली.

रविवारी ती वेळेत पोचली. ओली छत्री दाराशी ठेवत तिने विचारलं, "ताई, शुक्रवारी काय नवीन आलं का?"

"नाही," मी म्हणाले.

काम झालं, यंत्र पुन्हा सुरू केलं, पण रुग्णालयांना उपचारांची मंजुरी देणारा भाग सुरू होईना. अडकली तर वंदना अडकेल, एवढंच मी धरलं होतं. फोनवर फोन येऊ लागले. वंदनाने सूचनांचं पान उघडलं. आम्हा दोघींचं खातं एकच होतं. न वाचलेली सूचना त्यात ठळक दिसते. ही फिकी होती. वंदनाने त्या फिक्या ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिसरी दुरुस्ती काढून यंत्र पुन्हा उठवलं. पन्नास मिनिटं गेली.

"माझी चूक, साहेब," तिने फोनवर सांगितलं. "सूचना बघायची राहिली."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "मला पाडायचं होतं तर मलाच पाडायचं होतंत, ताई. ती माणसं इस्पितळात बसली होती."

जागा मला मिळाली. दोन महिन्यांनी वंदना पुण्याच्या कंपनीत गेली. जाताना तिने सोपवलेल्या कागदांत एक नवा नियम होता: काम सुरू करण्याआधी सगळ्या सूचना दोघींनी एकत्र वाचायच्या आणि दोघींनी सही करायची. कारण लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी तो सगळ्या गटांना लागू केला. ते त्याला 'वंदनाचा नियम' म्हणतात, माझ्यासमोरही.

तिच्या जागी आता सीमा आहे, वरंधची. परवाच्या रविवारी ती म्हणाली, "तुम्ही वाचलंय ना ताई? मग मी कशाला? माझा विश्वास हाय तुमच्यावर."

मी उठले आणि तिला माझ्या खुर्चीवर बसवलं.

"वाच," म्हणाले. "मोठ्याने वाच."