कोपरा फाडलेली साडी

साक्रीच्या बाजारात आमचं पाल मिरचीवाल्यांच्या रांगेला लागून असे, त्यामुळे दिवसभर शिंका देत देत धंदा चाले. धुळ्याहून सकाळच्या एस.टी.च्या टपावर गाठोडी चढवायची आणि ऊन तापायच्या आत जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसायचं, हे लग्न होऊन आले तेव्हापासूनचं माझं काम. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धंदा सासूचा. तिला अख्खा बाजार अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणत असे. भांडेवाल्या बाया धुळ्यात दारोदार हिंडून पातेल्याच्या, तांब्याच्या बदल्यात जुने कपडे घेत आणि त्यांच्याकडून आम्ही घेत असू. धुवायचे, उसवलेलं शिवायचं, इस्त्री फिरवायची आणि बाजारात न्यायचे.

विकणं सोपं होतं. विकलेलं परत यायचं, तिथे खरी परीक्षा. भाऊबीजेला चंद्राला दशी वाहून ‘जुनं घे, नवं दे’ म्हणतात ना, तेच म्हणत लोक आमच्यापुढे कपडा टाकत. मी चंद्र नाही, असं अक्का सुनावायची, पण पैसे परत करताना कुरकुरायची नाही. शर्ट नाकाशी धरायची आणि कोणाच्या पंगतीला वांग्याची भाजी खाऊन आलास ते विचारायची. गिऱ्हाईक ओशाळून हसे, आणि तरी त्याला पैसे मिळत. मला याचा भारी राग यायचा. लोकांनी आमचे कपडे घालून लग्नं मिरवायची आणि आम्ही ते पुन्हा धुवायचे. अक्काचं म्हणणं एकच होतं, कपडा परत आला तरी चालेल, गिऱ्हाईक परत गेलं नाही पाहिजे.

म्हणून त्या दिवशी तिने नाही म्हटलं तेव्हा मला काही उमजेना.

पिंपळनेरकडच्या एका बाईने आमच्याकडून डाळिंबी रंगाची, जरीच्या काठाची साडी नेली होती. लेकीच्या साखरपुड्यासाठी. साडी इतकी चांगली होती की जुनी आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये, आणि त्या बाईने ते कोणाला सांगितलंही नसणार. पुढच्या बाजारी ती आली ती मान खाली घालूनच. बरोबर नवऱ्या मुलाचा मामा होता, पांढरी टोपी घातलेला, आवाज न चढवणारा माणूस. त्याने साडी आमच्या ढिगावर ठेवली आणि पदराचं टोक उलटून दाखवलं. कोपरा फाडलेला होता. आम्ही तो आत दुमडून बारीक शिवला होता. साखरपुड्यात मुलाच्या आत्याने पदर चाचपला आणि ती शिवण उसवली.

जुनी साडी नेसवली याचं त्यांना काही वाटत नव्हतं म्हणे. पण मढ्यावर घातलेल्या कापडाचा तुकडा फाडून क्रिया करणाऱ्याच्या गळ्यात बांधतात. ही साडी मढ्यावरची आहे, आणि ती अंगावर घेऊन पोरगी आमच्या घरात येणार असेल तर सोयरीक इथेच थांबलेली बरी, असं आत्याने चारचौघांत म्हटलं होतं. आता मामा खरं-खोटं करायला आला होता.

जुन्या कपड्याच्या धंद्यात या एका शब्दाइतकं वाईट काही नाही. शेजारच्या मिरचीवाल्याने तागडी खाली ठेवली. येणारी-जाणारी माणसं थांबायला लागली. मी कमरेच्या पिशवीत हात घातला. पैसे देऊन टाकावेत आणि मोकळं व्हावं, एवढंच मला सुचलं. अक्काने माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगडी रुतली.

मामा शांतपणे म्हणाला, “अक्का, पैसा परत दी द्या. म्हनजे आम्हले समजी जाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही पैसे परत केले की आम्ही कबूल केलं. ती पोरीची आई तर हात पुढे करूनच उभी होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं, परत करून ये, सगळं निस्तरेल. आपण आपल्याच लेकीचं लग्न मोडायला हात पसरलाय, हे तिला बिचारीला कळत नव्हतं.

“मी पैसा देवाव नही,” अक्का म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. कितीतरी घरांत भांडेवालीला साडी देताना बाई आपल्या हाताने पदराचा कोपरा फाडून ठेवते, साडीबरोबर घरची लक्ष्मी जाऊ नये म्हणून. कोपरा फाडलेला म्हणजे देणारी धडधाकट जिवंत आहे. मामाने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, तसंही असेल आणि आम्ही म्हणतो तसंही असेल. दोघांचंही खरं होतं आणि कापडाला तोंड नव्हतं.

अक्का माझ्याकडे वळली. मला सातवा लागला होता. उभी राहिले की दोन्ही हात कमरेवर जायचे.

“हाई नेसी ले व,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिने साडी उचलून माझ्या हातात दिली. नेसलेल्या साडीवरच नेस, असं खुणेने सांगितलं. सगळा बाजार बघत होता. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर ते ‘नाही’ थेट पिंपळनेरला पोचलं असतं. मी उठले. निऱ्या पोटावर धरेनात, दोनदा सुटल्या. पदर खांद्यावर घेताना कापडाला वास आला. तो डांबरगोळीचा की कापराचा, मला ठरवता येईना. पोटात बाळाने लाथ मारली आणि माझे डोळे भरून आले. भीतीने, दुसरं काही नाही.

“मन्हा नातू शे पोटमा,” अक्का मामाला म्हणाली. “आते सांग.”

मामा बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिला. मग टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. “दी द्या ती साडी,” तो म्हणाला. “पोर लगीनमा हाईच नेसी.”

मी सोडून दिलेल्या साडीची पोरीच्या आईने घडी घातली. ती तीनदा विस्कटली. पैशांचं नाव पुन्हा निघालं नाही.

परतीच्या एस.टी.त मी अक्काला विचारलं, साडी कोणाची होती ते तुम्हाला ठाऊक होतं ना. मला ‘हो’ ऐकायचं होतं. तेवढ्यावर मी सगळं विसरले असते.

“मले काय माहीत,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मग पोटुशी सुनेच्या अंगावर ती का घातलीत, असं मी जवळजवळ ओरडून विचारलं. पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले. साक्री मागे पडून गेली.

“मले आंडेर नही,” ती म्हणाली. “तूच शे मन्ही आंडेर. मंग दुसरी कोनले नेसाडू?”

आंडेर म्हणजे लेक. सोनगीरला माझ्या माहेरी आई नव्हती, बाळंतपण सासरीच व्हायचं होतं, आणि लेक म्हणून मला पहिल्यांदा हाक मारली ती अशी. मला तिचा गळा धरावासा वाटला. पुढे कितीतरी दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. बाळ जरा वेळ हललं नाही की मला घाम फुटायचा. अक्का रोज दिवेलागणीला माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळायची. करून सवरून आता नाटकं, असं मी मनात म्हणायची.

मुलगी झाली. चांगली ठणठणीत, रडायला खणखणीत. सव्वा महिना उलटल्यावर मी तिला घेऊन पुन्हा बाजारात बसू लागले. उन्हाळ्याच्या तोंडाला एका बाजारी पालापुढे डाळिंबी रंग दिसला आणि मी बाळाला जवळ ओढलं. तीच साडी. ती नेसून नवी नवरी उभी होती, हिरवा चुडा भरलेली. बाजूला तिची आई, आणि दोन पावलं मागे तिची सासू. नवरीने एक दुपटं पुढे केलं. तान्ह्या बाळाला जुन्याचंच घालतात, म्हणून तिने आपल्या त्याच साडीच्या पदराचा दुसरा कोपरा फाडला होता आणि मऊ धोतराला जोडून शिवला होता.

अक्काने हात मागे घेतला.

“ऱ्हाऊ दे, माय. आम्हनाकडे बठ्ठं शे.”

काही कमी नाही म्हणाली, पण डोळे त्या डाळिंबी कोपऱ्यावर होते. तिच्याकडे बघताना मला सगळं दिसलं. त्या दिवशी बाजारात ती माझ्याइतकीच भ्यायली होती, आणि तेव्हापासून रोज. पोरीचा चेहरा पडला. मागे उभी असलेली सासू अक्काच्या त्या मागे गेलेल्या हाताकडे बघत होती.

मी पुढे होऊन दुपटं घेतलं. लेकीला त्यात गुंडाळलं, डाळिंबी कोपरा तिच्या हनुवटीखाली खोचला आणि सासूला नीट दिसेल अशी तिला उचलून धरली. सासूने जवळ येऊन बाळावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. नवरी माझ्या पाया पडली. मी लाजेने अवघडले, कारण ती माझ्याच वयाची होती.

त्या गेल्यावर अक्काने बाळ माझ्याकडून घेतलं. धुळ्याला उतरेपर्यंत तिने ते खाली ठेवलं नाही आणि मलाही दिलं नाही. दुपट्यात हात घालून ती पुन्हा पुन्हा बाळाची छाती वरखाली होतेय ना ते चाचपत होती.